शिट्टी न होणारा कुकर

"आई, तुरीच्या डाळीला किती शिट्ट्या?"

घर सोडून नोकरीसाठी दुसऱ्या शहरात आलेल्या प्रत्येक मराठी मुला-मुलीने आयुष्यात एकदा तरी हा फोन केलेला असतो. पलीकडून उत्तर येतं, "चार कर. डाळ नवीन असेल तर तीन पुरे." मग आपण एका हाताने मेल टाइप करत शिट्ट्या मोजतो, ही तिसरी की चौथी यात गोंधळतो आणि सेफ साइड म्हणून आणखी एक होऊ देतो. डाळीचं पिठलं होतं. भूक लागलेली असते, त्यामुळे खपून जातं. आपलं अख्खं स्वयंपाकघर असं शिट्ट्यांवर चालतं. झटपट, कडक आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं!

आमच्या ओट्यावर मात्र गेल्या वर्षापासून एक असा कुकर आहे, ज्याची शिट्टीच होत नाही. ऑफिसमधल्या मैत्रिणीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "रिंग बदल ना मग!" तिला समजावता समजावता पूर्ण टी-ब्रेक संपला. हा लेख म्हणजे त्या टी-ब्रेकचा पुढचा भाग समजा.

तर मंडळी, स्लो कुकर. चिनी मातीचं जाडजूड भांडं, त्याला बाहेरून विजेवर तापणारं कवच आणि वर काचेचं झाकण. बस्स, एवढाच मामला. प्रेशर कुकर वाफ कोंडून आतलं तापमान शंभर अंशांच्या वर, पार एकशेवीसपर्यंत नेतो. हा पठ्ठ्या त्याच्या बरोब्बर उलटा. शंभराच्या आत-आतच घुटमळत राहतो आणि सहा-आठ तास निवांत काढतो. जिथे प्रेशर कुकर वीस मिनिटांत मोकळा होतो, तिथे हा अख्खी दुपार खातो. मग असला आळशी पाहुणा घरात आणायचाच कशाला?

आम्ही आणला नव्हता. तो आला. ताई न्यू जर्सीहून आली, तेव्हा तिच्या बॅगेत चॉकलेटं, परफ्यूम, बदामांची पाकिटं आणि कपड्यांत गुंडाळलेला हा ऐवज होता. "तुम्ही दोघं घरी कधी नसताच, तुमच्यासाठी परफेक्ट आहे," इति ताई. ताई परत गेल्यावर आम्ही मोठ्या उत्साहात अॅडॅप्टर लावून प्लग खोचला. दहाव्या मिनिटाला विचित्र वास, पंधराव्या मिनिटाला 'फट्' असा आवाज आणि खेळ खल्लास! अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०ची. दुप्पट व्होल्टेज म्हणजे तापणाऱ्या तारेतून चौपट पॉवर, हे बारावीला पाठ केलेलं गणित घरात दोन-दोन इंजिनिअर असून कुणाला आठवलं नाही. साध्या अॅडॅप्टरने फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. तेव्हा परदेशातून कुणी प्रेमाने काही आणलं, तर आधी बुडाशी लिहिलेला व्होल्टेजचा आकडा वाचा. आमचा तो पॉट सध्या बाल्कनीत आहे. त्यात ओवा लावलाय, छान आलाय.

खरं तर विषय तिथेच संपायचा. पण त्याच महिन्यात नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेत मला बिस्किटांची अकरा रिकामी पाकिटं सापडली.

त्याचं असं आहे, आम्ही राहतो कर्वेनगरला. माझं ऑफिस हिंजवडीत, त्याचं खराडीत. म्हणजे पुण्याची दोन टोकं. शिवाय माझी जनरल शिफ्ट आणि त्याची यूके शिफ्ट, दुपारी दोन ते रात्री अकरा. मी सकाळी आठला बाहेर पडते तेव्हा तो झोपलेला. मी सव्वाआठला ट्रॅफिकमधून सुटून घरी येते तेव्हा तो लंडनच्या क्लायंटला "अॅब्सोल्यूटली" म्हणत असतो. तो सव्वाबाराला येतो तेव्हा मी झोपलेली. सोमवार ते शुक्रवार आमचा संसार म्हणजे फ्रिजवरच्या पिवळ्या चिठ्ठ्या. 'दूध संपलं.' 'गॅसवाला उद्या येणार.' 'तुझं कुरिअर शेजारी आहे.'

आणि रोज रात्री एक मेसेज. "जेवलास?" "हो. तू?" "हो."

दोघंही खोटं बोलत होतो, असं नाही. मी पार्सल मागवून टीव्हीसमोर काहीतरी पोटात ढकलत होते. तो रात्री घरी येऊन ओट्यापाशी उभ्या-उभ्या बिस्किटं खाऊन झोपत होता, कारण भांड्याचा आवाज झाला तर मी उठेन. मी त्याच्यासाठी भाजी-पोळी झाकून ठेवायची, ती सकाळी जशीच्या तशी दिसायची. एवढ्या रात्री गार पोळी घशाखाली उतरत नाही, म्हणाला. मायक्रोवेव्ह तर बीप-बीप करत सगळी बिल्डिंग उठवतो. मग अॅसिडिटी, मग डॉक्टर, मग गोळ्या आणि मग आमचं सणसणीत भांडण. तेही फोनवर, त्याच्या ब्रेकमध्ये, घड्याळ लावून पंधरा मिनिटं!

त्या भांडणानंतरच्या शनिवारी आम्ही इथला, २३० व्होल्टचा, साडेतीन लिटरचा स्लो कुकर विकत घेतला.

आता सूपकडे येऊ. सूपच का? तर रात्री उशिरा पोटाला झेपतं, चमच्याने खाता येतं आणि आवाज होत नाही. आणि मक्याचंच का? तर त्या शनिवारी पाऊस होता, आम्ही खडकवासल्याच्या चौपाटीवर भाजलेली कणसं खाऊन परत येत होतो आणि डिकीत आठ कच्ची कणसं होती. यामागे याहून मोठं लॉजिक नाही.

मक्याचं सूप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते चायनीज हॉटेलातलं स्वीट कॉर्न सूप. वाईट नसतं ते, पण अनेकदा त्यात मक्याचे दाणे मोजून घ्यावेत इतके असतात, बाकी सगळी कॉर्नफ्लॉवरची खळ. कॉटनच्या साडीला दिली तर कडक उभी राहील! मी म्हणतेय ते सूप वेगळं. अमेरिकेत ज्याला कॉर्न चाउडर म्हणतात, त्या घराण्यातलं. त्यात मका आहे, बटाटा आहे, शेवटी दूध आहे. एक मोठा बाऊल प्यायलात की जेवण झालं. सोबत भाजलेला पाव असेल तर सोन्याहून पिवळं.

बाजारात गेलात की दोन प्रकारची कणसं घ्या. चार स्वीट कॉर्नची आणि एक कोवळं देशी, आपण भाजून लिंबू-तिखट लावून खातो ते. यामागचा फंडा असा, की देशी मक्याच्या दाण्यात साखर तयार होते आणि कणीस जून होताना तिचा स्टार्च होत जातो. स्वीट कॉर्नमध्ये जनुकातल्या बदलामुळे हे काम रेंगाळतं, म्हणून तो गोड लागतो. म्हणजे गोडीसाठी स्वीट कॉर्न आणि दाटपणासाठी देशी. पाच कणसांत सगळं भागतं, खळ घालावी लागत नाही. कणीस तोडलं की त्यातली साखर कमी व्हायला लागते, आणि उकाड्यात जरा जास्तच वेगाने. हल्लीचे सुपर स्वीट वाण बरेच टिकतात, तरीही रविवारी आणलेली कणसं गुरुवारपर्यंत ओट्यावर लोळत ठेवू नका. सालांसकट फ्रिजमध्ये टाका. पावसाळा संपला आणि देशी कणीस मिळेना, तर एक बटाटा वाढवा. फ्रोझन दाणेही चालतात, फक्त आधी बाहेर काढून नॉर्मलला येऊ द्या.

रात्रीचं काम माझं. जेवण झालं की टीव्ही लावून करायचं, वीस-पंचवीस मिनिटांचा टाइमपास आहे. स्वीट कॉर्नचं कणीस उभं धरून सुरीने दाणे उतरवायचे. मग सुरीची मागची, बोथट बाजू त्या दांड्यावरून खाली ओढायची. पांढरं दूध निघतं, ते मुळीच वाया घालवायचं नाही, सगळी चव त्यातच आहे. उरलेले दांडे फेकू नका, त्यांचं पुढे काम आहे. देशी कणीस किसणीवर किसायचं. इंदूरचा भुट्ट्याचा कीस खाल्लाय ना? तसंच. दाण्यांतले मूठभर वेगळ्या डबीत ठेवायचे. दोन मध्यम बटाटे आणि एक गाजर बोराएवढ्या फोडी करून. बटाट्याच्या फोडी पाण्यात, नाहीतर काळ्या पडतात.

एक गोष्ट मात्र गॅसवरच करावी लागते आणि तिथे आळस करू नका. एक मोठा कांदा आणि चार-पाच लसणाच्या पाकळ्या बारीक चिरून दोन चमचे बटरवर पाच-सात मिनिटं परतायच्या, कांदा मऊ आणि कडेने सोनेरी होईपर्यंत. स्लो कुकरमध्ये पाण्यात पडलेला कांदा शिजतो, पण परतला जात नाही. पहिल्यांदा मी सगळं कच्चंच टाकलं होतं. सूप झालं, पण हॉस्पिटलच्या कँटीनची आठवण आली. परतलेला कांदा गार झाला की डब्यात भरायचा आणि सगळे डबे फ्रिजमध्ये. कुकरचा पॉट मात्र फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. थंडगार चिनी माती एकदम तापवली की तडकू शकते.

दुपारचं काम नवऱ्याचं. पावणेएकला घरातून निघायच्या आधी पॉटच्या तळाशी बटाटा-गाजर घालायचं. वर नको, तळालाच. मंद आचेवर कंदमुळं शिजायला सगळ्यांत जास्त वेळ घेतात, हे मलाही खरं वाटलं नव्हतं. त्यावर दाणे, कीस, कांदा, चिरलेली एक हिरवी मिरची, एक तमालपत्र, बेताचं मीठ. तीन कप गरम पाणी. मग ते राखून ठेवलेले दांडे मोडून वर खोचून द्यायचे. आठ तासांत त्यांचा अर्क उतरतो. चिकन सूप करताना हाडं टाकतो ना, तसाच प्रकार. पाणी कमी वाटेल, पण वाढवू नका. झाकण असताना वाफ जवळजवळ बाहेर जातच नाही, जेवढं घालाल तेवढं आत राहतं. पॉट अर्ध्याहून जास्त आणि काठापासून चार बोटं खाली, इतका भरलेला बरा. झाकण लावायचं, बटण 'लो'वर आणि माणूस खराडीला!

ज्यांना चिकन हवंय त्यांनी बोनलेस लेगचे तुकडे दाण्यांबरोबर घालावेत, ब्रेस्ट आठ तासांत चोथा होतो. चिकन पूर्ण डीफ्रॉस्ट केलेलं हवं. बर्फाचा गोळा तसाच टाकला, तर तो तापायलाच काही तास लागतात आणि तेवढ्यात जंतूंची पार्टी होते.

राजमाही टाकू का, असं एका मैत्रिणीने विचारलं. टाक, पण भिजवून, वेगळ्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळून, मगच. हे मी उगाच काकूबाईसारखं सांगत नाहीये. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं. ते उकळीने मरतं, पण स्लो कुकरच्या मंद उबेला दाद देत नाही. उलट्यांनी हैराण व्हायला थोडेसे दाणे पुरतात. आपल्या प्रेशर कुकरला हा प्रश्न कधीच पडत नाही, म्हणून आपल्या आयांनी तो कधी सांगितला नाही.

पहिल्या दिवशी काय झालं सांगू? त्याने सगळं नीट केलं. बटाटा तळाला, दांडे वर, बटण 'लो'वर. भिंतीवरचा स्विच मात्र बंद! मी सव्वाआठला आले, तर पॉटमध्ये सकाळच्या आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट काहीतरी आणि त्यात तरंगणारे कच्चे बटाटे. साडेसात तास उकाड्यात पडलेलं ते सगळं मी ओतून दिलं आणि त्याला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. मी तरीही बोलले. काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही, पण त्यात 'एक काम सांगितलं होतं' हे वाक्य तीनदा आलं. पलीकडे शांतता. मग तो हळूच म्हणाला, "अगं, मलाही आज तेच प्यायचं होतं."

मला काही सुचेना. मी फोन ठेवून पुन्हा बटाटे सोलायला घेतले.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमधून बाहेर आले आणि मजल्यावरच वास आला. लोणी, मका, तमालपत्र. वाटलं, शेजारच्या काकूंकडे पाहुणे असतील. दार उघडलं, तर वास आमच्याच घरात. अंधाऱ्या हॉलमध्ये फक्त कुकरचा एक लाल दिवा. क्षणभर खरंच वाटलं, साताऱ्याहून सासूबाई न कळवता आल्यात आणि आतून विचारतील, "आलीस का गं?" लग्नाला चार वर्षं झाली. मी दार उघडायच्या आधी घरात कुणीतरी स्वयंपाक करून ठेवलाय, असं तोवर एकदाही झालं नव्हतं.

आल्यावर माझं काम दहा मिनिटांचं. झाकण उघडायचं, दांडे आणि तमालपत्र चिमट्याने काढून टाकायचं आणि पावभाजीच्या मॅशरने पॉटमध्येच चार-पाच दणके द्यायचे. सगळं एकजीव नको. एक-तृतीयांश मोडलं की पुरे, बाकीचं दाताखाली यायला हवं. मिक्सरमधून काढलं तर ते बाळाचं जेवण होतं. मग वेगळे ठेवलेले मूठभर दाणे टाकून बटण 'हाय'वर. मी हात-पाय धुऊन कपडे बदलून येईपर्यंत ते कोवळे शिजतात. शेवटी मिरपूड, कारण ती आठ तास शिजली की तिचा वास उडून जातो. मीठ चाखून बघायचं आणि लागलं तर वाढवायचं.

आणि दूध? दूध पॉटमध्ये घालायचंच नाही! स्लो कुकरमध्ये दूध तासन् तास राहिलं की फाटतं. अमेरिकन रेसिप्यांमध्ये शेवटच्या अर्ध्या तासात दूध-क्रीम घाला म्हणतात, पण आमच्याकडे शेवटचा अर्धा तास दोघांचा वेगवेगळा असतो. म्हणून बाऊलमध्ये तीन डाव सूप आणि त्यात एक डाव गरम दूध, ज्याचं त्याने. वर कोथिंबीर. क्रीम हवं तर चमचाभर. मी त्यात लिंबाचे दोन थेंबही टाकते. खडकवासल्याची सवय, जात नाही.

माझं झालं की बटण 'वॉर्म'वर. यावर सूप साठ अंशांच्या वर राहतं आणि त्याच्या खाली जंतूंना मोकळं रान मिळतं, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. साडेआठ ते सव्वाबारा म्हणजे पावणेचार तास, आमचं बरोब्बर बसतं. चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका, त्यापेक्षा फ्रिजमध्ये टाकून पुन्हा उकळलेलं बरं. मध्येच वीज गेली असेल का, अशी शंका आली तर मायक्रोवेव्हचं घड्याळ बघा. बारा वाजून शून्य मिनिटांवर लुकलुकत असेल तर गेली होती, आणि किती वेळ ते माहीत नसेल तर सूपवरचं प्रेम विसरा आणि ओतून द्या. विजेच्या बिलाचं टेन्शन नको. दोनशे वॅटचा पॉट आठ तास चालला, तरी दीड युनिटच्या आसपास. दीड टनाचा एसी तासभर जोरात लावला तर तेवढंच जातं.

आणि हो, झाकण! मधूनमधून उघडून बघायची आपल्याला फार खाज. एकदा उघडलंत की कोंडलेली ऊब जाते आणि वीस-तीस मिनिटं वाढतात. या कुकरचा सगळ्यांत मोठा प्लस पॉइंट हाच, की तो चालू असताना घरी कुणी नसलेलंच बरं.

हे यंत्र सुचलं कसं, तेही भारी आहे. अर्व्हिंग नॅक्सन हा शिकागोचा इंजिनिअर, ज्यू कुटुंबातला. त्याची आई लिथुआनियातली. तिच्या लहानपणी तिकडच्या ज्यू वस्त्यांत शनिवारी, म्हणजे सब्बाथच्या दिवशी, चूल पेटवायची नसे. मग शुक्रवारी दिवस मावळायच्या आत घराघरांतली चोलंतची भांडी, म्हणजे घेवड्याचे दाणे, बटाटे, मांस असा ऐवज, गावातल्या बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवायची. भट्टी विझलेली, पण ऊब उरलेली. त्या उबेवर रात्रभर शिजायचं आणि शनिवारी गरम जेवण. या आठवणींवरून नॅक्सनने विजेचं मंद भांडं बनवलं आणि १९४० मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' या नावाने ते बाजारात आणलं. अमेरिकेतल्या बायका तेव्हा मोठ्या संख्येने नोकरीला लागत होत्या, त्यांनी ते डोक्यावर घेतलं.

आजीला हे सांगितलं तर ती हसली. "अगं, आमच्या चुलीला वैल होती की!" चुलीच्या बाजूला जोडलेलं ते दुसरं तोंड. जाळ पुढे, पण ऊब तिथपर्यंत पोचायची. डाळ शिजत पडायची, पाणी तापत राहायचं. रात्री राखेतल्या निखाऱ्यांवर ठेवलेल्या दुधाला सकाळी गुलाबीसर, जाड साय धरायची. आजी म्हणाली, उशिरा येणाऱ्या माणसाचं कालवण वैलावरच असायचं. रात्री कितीही वाजता येवो, गरम मिळायचं आणि वाढायला कुणाला उठावं लागायचं नाही.

मग थांबली आणि म्हणाली, "म्हणजे, आम्ही उठायचोच. पण उठावं लागायचं नाही."

आता आमचं सगळं बऱ्यापैकी सेट झालंय. आठवड्यातून दोनदा मक्याचं सूप, एकदा चिकन घालून, एखाद्या दिवशी नुसती मुगाची खिचडी. हो, खिचडीही होते, पण खरं सांगायचं तर ती प्रेशर कुकरमध्येच चांगली होते. वरण-भातासाठी स्लो कुकर घेणार असाल तर पैसे वाचवा. फ्रिजवरच्या चिठ्ठ्या अजून आहेत, फक्त मजकूर बदललाय. 'मिरची दोन टाक.' 'आज बटाटा कच्चट होता, बारीक चीर.' 'दांडे काढायला विसरलीस, मी चावला.' पॉट धुवायचं काम त्याचं. सकाळी सहाला मी उठते, तेव्हा तो ओट्यावर फडक्यावर उपडा घातलेला असतो. बॅग मी अधूनमधून तपासते. परवा बिस्किटाचं एक पाकीट निघालं, पण बंद होतं.

गेल्या गुरुवारी रात्री मला जाग आली. बाहेर चमच्याचा आवाज, अगदी हलका, बाऊलच्या काठाला न लागेल असा बेताने. हॉलमध्ये दिवाही लावला नव्हता, लॅपटॉपच्या उजेडात बसून पीत होता.

"उठवलं का तुला?" तो म्हणाला.

"नाही. उरलंय?"

"तू जेवली नाहीस?"

"जेवले."

त्याने माझ्याकडे बघितलं, बाजूची खुर्ची ओढली आणि पॉटचं झाकण काढलं. मी फ्रिजमधून दूध आणलं.